आईपासून लपवलेली गोष्ट तिच्या टॅबलेटला कशी कळली?

शरयू :

नमस्कार. हा प्रश्न विचारताना मला संकोच वाटतो आहे, कारण त्यासाठी घरातली एक खासगी गोष्ट सांगावी लागणार आहे; पण ती सांगितल्याशिवाय माझी अडचण नेमकी काय आहे हे कळणार नाही.

चार महिन्यांपूर्वी माझ्या आईच्या काही तपासण्या झाल्या आणि कर्करोगाची शंका असल्याचे डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाजूला घेऊन सांगितले. पक्के निदान व्हायला आठ-दहा दिवस लागणार होते. तेवढे दिवस तिला काही सांगायचे नाही, असे मी आणि माझ्या भावाने ठरवले. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर आम्हा दोघांचेही आता एकमत राहिलेले नाही, पण त्या वेळी तो आमचा निर्णय होता. त्या रात्री मी माझ्या फोनवर त्या आजाराविषयी बरेच वाचले आणि दुसऱ्या दिवशी एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावर तज्ज्ञांची वेळ घेण्यासाठी अर्ज भरला. आईच्या टॅबलेटला मी हातही लावला नव्हता. त्या टॅबलेटवर ती बातम्या वाचते आणि शब्दकोडी सोडवते, एवढाच तिचा वापर.

चौथ्या दिवशी तिच्या शब्दकोड्याखाली कर्करोगाच्या उपचारांची जाहिरात आली. मग बातम्यांच्या मध्ये आली. मग जिथे पाहावे तिथे तीच दिसू लागली. सहाव्या दिवशी आईने टॅबलेट माझ्यासमोर ठेवला आणि अगदी शांतपणे विचारले, "मला काय झालंय, ते तुम्ही मला सांगणार आहात का?"

आम्ही भावंडे या विषयावर घरात हळू आवाजात बोललो होतो, त्यामुळे फोनचा मायक्रोफोन आपले बोलणे ऐकतो असे जे अनेक जण सांगतात, ते खरे असावे असे मला तेव्हापासून वाटते आहे. तसे नसेल, तर माझ्या फोनवरची गोष्ट तिच्या टॅबलेटपर्यंत पोहोचली कशी? आणि दुसरी गोष्ट मला याहूनही अधिक छळते. मी कुठेतरी 'मान्य आहे' असे बटण दाबले असेल, हे मी कबूल करते. पण आजार माझा नव्हता. आईच्या वतीने ही संमती नेमकी कोणी दिली?

अक्षांश :

शरयूताई, आईंची प्रकृती आता सुधारत असेल अशी आशा करतो. जाहिरातींच्या तंत्रज्ञानात मी नऊ वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल. ते देताना मला वाईट वाटते आहे, कारण तुमच्या घरी जे घडले तो कसलाही बिघाड नव्हता. ही यंत्रणा ज्यासाठी उभारली गेली, तेच काम तिने केले.

आधी मायक्रोफोनचे पाहू. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. चोरून मायक्रोफोन सुरू करून आवाज बाहेर पाठवला जात असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र काही ॲप्स वापरणाऱ्याच्या पडद्यावर काय चालले आहे याच्या प्रतिमा आणि चित्रफिती तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत असल्याचे त्यांना आढळले. मी ज्या कार्यालयांत काम केले, तिथे बोलणे ऐकण्याचा विषय कधी निघालाच नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. अखंड आवाज साठवणे आणि त्यातून अर्थ काढणे हे खर्चाचे काम आहे, आणि तुम्ही वाचलेल्या पानांचे पत्ते त्याहून कितीतरी स्वच्छ माहिती फुकट देतात.

तुम्ही रुग्णालयाचे पान उघडले, तेव्हा तुमचा ब्राउझर केवळ त्या रुग्णालयाच्या सर्व्हरशी बोलला नाही. अशा पानांमध्ये बहुधा बाहेरच्या कंपन्यांनी दिलेले छोटे कोड बसवलेले असतात आणि पान उघडताच ते आपापल्या कंपनीच्या सर्व्हरला कळवतात. या कोडला 'पिक्सेल' म्हणतात, कारण सुरुवातीच्या काळात ते एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र असे आणि ते चित्र मागवण्याच्या निमित्ताने माहिती पलीकडे जात असे. कोणते पान, किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा क्रमांक), कोणत्या यंत्रावरून आणि कोणत्या कुकी-क्रमांकाने (कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) उघडले, हे सारे त्यात येते. पानाच्या पत्त्यातच विभागाचे नाव असेल, तर आजार वेगळा सांगावा लागत नाही. 'द मार्कअप' या संस्थेच्या पत्रकारांनी जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या शंभर नामांकित रुग्णालयांची संकेतस्थळे तपासली, तेव्हा त्यांतल्या ३३ ठिकाणी फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचा पिक्सेल सापडला आणि रुग्णाने डॉक्टरांची वेळ घेण्याचे बटण दाबले की त्याची नोंद कंपनीकडे जात होती. गुडआरएक्स या औषधविषयक सेवेने लोकांची आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल ग्राहकांच्या हिताकडे पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये तिच्यावर कारवाई केली, आणि त्याच वर्षी मानसोपचाराची ऑनलाइन सेवा देणाऱ्या बेटरहेल्पवरही केली. म्हणजे तुमचा अर्ज ज्या वाटेने गेला, ती वाट नवी नाही आणि अपवादात्मकही नाही.

कुकीबद्दल थोडे सांगतो, कारण तिच्यावर सगळा दोष टाकला जातो. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या लू मोंटुली यांनी ती तयार केली, ती संकेतस्थळाला आपल्याकडे आधी येऊन गेलेल्या माणसाची आठवण राहावी म्हणून; एका संकेतस्थळाने ठेवलेली कुकी दुसऱ्याला वाचता येऊ नये, अशीच तिची रचना आहे. पण एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा हजारो संकेतस्थळांवर बसला, की त्या कंपनीला तिचीच कुकी सगळीकडे वाचायला मिळते. कुलूप शाबूत राहिले आणि किल्ली मात्र एकाच हातात हजार घरांची जमा झाली.

आता फोनवरून टॅबलेटकडे येऊ. घरातल्या वाय-फायवर जोडलेली सगळी यंत्रे बाहेरच्या जगाला सहसा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. जी यंत्रे रोज रात्री एकाच पत्त्यावर विसावतात, ती एका घरातली आहेत असे गणित मांडून त्यांचा गट केला जातो, आणि जाहिरातदाराला तो गट 'कुटुंब' म्हणून विकत घेता येतो. शिवाय आईंचा टॅबलेट पहिल्यांदा सुरू करताना तुम्ही किंवा तुमच्या भावाने आपलाच ईमेल वापरला असेल, तर दोन यंत्रे त्या ईमेलनेही जोडली गेली असतील. कंपन्या सांगतात की ईमेल आम्ही उघड स्वरूपात देत नाही, त्याचे 'हॅश' करून देतो, म्हणजे अक्षरांची ओळखू न येणारी एक लांब साखळी करून देतो. ते खरे आहे. पण एका ईमेलची साखळी सगळीकडे सारखीच होते, आणि दोन कंपन्यांना आपापल्या याद्या जुळवायला तेवढे पुरते. यांतला एकही धागा जुळला तरी जाहिरात टॅबलेटवर पोहोचू शकते.

एक भाग लोकांना सहसा माहीत नसतो, म्हणून तो सविस्तर लिहितो. आईंनी शब्दकोडे उघडले, त्या क्षणी त्याखालच्या मोकळ्या जागेचा लिलाव झाला असणार. पान पूर्ण दिसण्याआधी, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, त्या जागेसाठी बोली मागवणारा एक संदेश असंख्य कंपन्यांकडे जातो. त्यात यंत्राचा प्रकार, जाहिरात-ओळख क्रमांक (जाहिरातदारांना यंत्र ओळखता यावे म्हणून त्याला दिलेला क्रमांक), आयपी पत्ता, अंदाजे ठिकाण आणि उघडलेले पान अशी माहिती असते. बोली एकच कंपनी जिंकते आणि जाहिरात तिचीच दिसते. पण तो संदेश ज्यांना ज्यांना गेला, त्या सगळ्यांच्या हाती माहिती आधीच पोहोचलेली असते. केवळ ही माहिती गोळा करता यावी म्हणून लिलावाच्या दारात उभे राहणारेही असतात आणि ती पुढे डेटा-दलालांकडे जाते. या कामाची रोजची सवय झाल्यावर माझ्या लक्षात आले की तिथे कोणी 'माणूस' हा शब्दच वापरत नाही; प्रेक्षकगट, पोहोच, रूपांतर हेच शब्द असतात. मी नोकरी सोडली त्याची कारणे अनेक होती, पण हे त्यांतले एक होते.

संमतीविषयी तुम्ही जे विचारले आहे, त्याचे तांत्रिक उत्तर इतकेच आहे की तुमच्या आईंना कोणी विचारले नाही आणि विचारण्याची सोयच या यंत्रणेत नाही.

साधा_वाचक :

शरयूताई, तुमच्या घरी जे झाले ते वाचून मन हेलावले. तरीही मी एक वेगळी बाजू मांडतो, ती कृपया कोरडेपणा समजू नये.

अक्षांश यांनी वर्णन केलेल्या यंत्रणेत तुमच्या आईंचे नाव कोणालाही कळले नाही. कोणी माणसाने बसून तुमचा अर्ज वाचला नाही. एका क्रमांकाला एका गटात टाकले गेले आणि त्या गटाला जाहिरात दाखवली गेली. ती चुकीच्या वेळी आली, हे मान्य; पण नकाशे, ईमेल, शोधयंत्र, भाषांतर अशा ज्या सेवा आज पैसे देऊ न शकणाऱ्या माणसालाही मिळतात, त्यांचा खर्च याच जाहिरातींतून निघतो. मी स्वतः अनेक वर्षे या सेवांच्या आधाराने शिकलो आहे. माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही, आणि निनावी क्रमांक म्हणून कोणी माझी नोंद ठेवत असेल तर त्यात माझे नेमके काय हिरावले जाते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

मोजपट्टी :

साधा_वाचक, तुम्ही प्रामाणिकपणे विचारले आहे, म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि 'निनावी' या शब्दावर विश्वास ठेवणे मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडले आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे दोन कोटी शोध खुले केले. नावे काढून तिथे क्रमांक घातले होते. काही दिवसांतच पत्रकारांनी केवळ त्या शोधांच्या मजकुरावरून एका क्रमांकामागची वृद्ध स्त्री शोधून काढली आणि तिच्या दारात जाऊन उभे राहिले. कंपनीने यादी मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. त्याआधी, १९९० च्या दशकात, लटान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या वैद्यकीय नोंदी अशाच 'निनावी' संचातून मतदारयादीशी पडताळून ओळखल्या. अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख केवळ जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिन कोड या तीन गोष्टींच्या जुळणीतून पटू शकते, असा अंदाज त्यांनी पुढे मांडला. आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी पाहिल्यावर असे दिसले की एखादा माणूस कोणत्या वेळी कुठे होता याचे अवघे चार ठिपके हाती असले, तर त्यांतल्या ९५ टक्के लोकांना इतर सर्वांपासून वेगळे काढता येते. रात्री फोन कुठे विसावतो आणि दिवसा कुठे असतो, यातच दोन ठिपके झाले. उरलेल्या दोन ठिपक्यांसाठी फार शोधावे लागत नाही.

एकेका माणसाचा मागमूस पुसून केवळ सगळ्यांची बेरीज दाखवली तरीही भागत नाही. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने २०१७ च्या अखेरीस जगभरातल्या लोकांच्या धावण्याच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले की ओसाड प्रदेशात उजळलेल्या रेषा म्हणजे सैनिकी तळांवर धावणाऱ्या जवानांच्या वाटा आहेत.

नाव कळले नाही तरी निर्णय होतातच, हा यापुढचा मुद्दा आहे आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. जनरल मोटर्सच्या गाड्यांमधून चालकाने किती वेळा जोरात ब्रेक दाबला, किती वेगाने आणि किती वाजता गाडी चालवली याची माहिती दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. हप्ता का वाढला हे विचारायला गेलेल्या चालकांना आपल्याच गाडीने आपली नोंद ठेवल्याचे तेव्हा कळले. गाडी घेताना त्यांच्याकडे लपवण्यासारखे काहीच नव्हते.

'लपवण्यासारखे काही नाही' या वाक्यात खासगीपणा म्हणजे काळे कृत्य झाकण्याची सोय, असे गृहीत धरलेले असते. शरयूताईंच्या आईंच्या आजारात लाजेचा भाग कोणता होता? तिथे प्रश्न इतकाच होता की ही गोष्ट त्यांना कोणी सांगायची, केव्हा सांगायची आणि कोणत्या शब्दांत सांगायची. तो अधिकार मुलांचा होता की डॉक्टरांचा की स्वतः आईंचा, यावर वाद होऊ शकतो. लिलाव जिंकणाऱ्या कंपनीचा तो खासच नव्हता. सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावरचा आपला गाजलेला लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर झटपट छायाचित्रे टिपणारे कॅमेरे आणि वृत्तपत्रांची घुसखोरी होती. त्यांनी मागितलेला हक्क होता माणसाला त्याच्यापुरते असू देण्याचा. मला ती व्याख्या आजही पुरेशी वाटते.

आता शरयूताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण हा धागा वाचताना तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. सगळी व्यवस्था असे मानून चालते की माहिती एकेकट्या माणसाची असते आणि तो तिच्यावर सही करून ती देऊ शकतो. माहिती तशी नसतेच. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात एका व्यक्तिमत्त्व-चाचणीचे ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी वापरले. फेसबुकने २०१८ मध्ये सांगितलेल्या आकड्यानुसार त्यातून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी, कारण ॲपला वापरणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती उचलता येत होती. २०२३ मध्ये जनुकीय चाचण्या करणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरट्यांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून उघडली, आणि नातेवाईक शोधण्याच्या सुविधेतून ६९ लाख लोकांचा तपशील त्यांच्या हाती गेला. त्या ६९ लाखांतल्या बहुतेकांचे पासवर्ड भक्कम असतीलही. दार त्यांच्या दूरच्या भावंडांच्या खात्यातून उघडले. आपण एखाद्या ॲपला संपर्क-यादी वाचायची परवानगी देतो, तेव्हा आपण शेकडो लोकांचे क्रमांक त्यांना न विचारता देऊन टाकतो. म्हणून, ताई, आईंच्या वतीने संमती कोणी दिली या प्रश्नाचे उत्तर 'कोणीही नाही' हेच आहे. पण तशी संमती आपण सगळेच रोज इतरांच्या वतीने देत असतो, आणि तुम्ही त्यात एकट्या दोषी नाही.

साधा_वाचक :

मोजपट्टी, चालकांचे आणि जनुकांचे उदाहरण मला माहीत नव्हते. 'निनावी' या शब्दावर मी ठेवलेला भरवसा चुकीचा होता, हे मी मान्य करतो. पण माझी एक काळजी शिल्लक राहते. पाळत बंद केली आणि या सेवा सशुल्क झाल्या, तर ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनाच खासगीपणा मिळेल आणि बाकीच्यांना सेवाही मिळणार नाही. त्याचे काय?

मोजपट्टी :

ही काळजी रास्त आहे आणि तिला बगल देऊ नये. पण जाहिरात आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कितीतरी दशके वृत्तपत्रे आणि नभोवाणी जाहिरातींवर चालली. जाहिरात कोणत्या मजकुराशेजारी द्यायची हे ठरत असे, वाचक कोण आहे हे कोणी पाहत नसे. बागकामाच्या लेखाशेजारी बियाण्यांची जाहिरात द्यायला वाचकाचा पत्ता लागत नाही. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण सेवेच्या जाहिराती पाहणाऱ्या स्टेर या संस्थेने २०२० पासून आपल्या संकेतस्थळांवर वाचकाचा माग काढणाऱ्या कुकीज बंद करून पानाच्या विषयावर आधारित जाहिराती सुरू केल्या, तेव्हा पहिल्या महिन्यांत त्यांचे ऑनलाइन उत्पन्न घटण्याऐवजी वाढले. प्रत्येकाला असेच जमेल असा माझा दावा नाही, पण पाळतीशिवाय फुकट सेवा अशक्यच आहेत, हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे.

उंबरठा :

चर्चा चांगली चालली आहे. मी फक्त करण्याजोग्या गोष्टींबद्दल लिहिते. मी एका संस्थेत संगणक-सुरक्षेचे काम पाहते आणि सुरुवातीलाच सांगते की यातल्या कोणत्याही उपायाने पाळत पूर्ण थांबत नाही.

आईंच्या टॅबलेटपासून सुरुवात करा. अँड्रॉइडच्या अलीकडच्या यंत्रांत जाहिरात-ओळख क्रमांक सेटिंग्जमध्ये जाऊन पुसून टाकता येतो. आयफोन आणि आयपॅडवर एप्रिल २०२१ पासून इतर कंपन्यांच्या ॲप्समध्ये आणि संकेतस्थळांवर माग काढण्याआधी ॲपला परवानगी विचारावी लागते, आणि सगळ्यांनाच एकदम नकार देण्याची सोयही आहे. त्या टॅबलेटवर तुमचे किंवा भावाचे खाते असेल तर ते काढून आईंचे स्वतंत्र खाते घाला. संपर्क-यादी आणि ठिकाण यांची परवानगी ज्या ॲप्सना खरोखर लागत नाही, त्यांची काढून घ्या. शब्दकोड्याला दोन्हींची गरज नसते.

ब्राउझर निवडताना हे लक्षात ठेवा. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये बाहेरच्या कंपन्यांच्या कुकीज मुळातच अडवायला सुरुवात केली आणि फायरफॉक्सही माग काढणाऱ्या कुकीज आपण होऊन अडवतो. गूगलने अशा कुकीज आपल्या क्रोम ब्राउझरमधून दोन वर्षांत काढून टाकण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये केली होती. ती मुदत पुढे ढकलत ढकलत जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. गूगलचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते, हे विसरू नये. फायरफॉक्सला युब्लॉक ओरिजिन हे विस्तारक (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) जोडले, तर अक्षांश यांनी सांगितलेले बरेचसे पिक्सेल उघडण्याआधीच अडवले जातात.

ब्राउझरच्या खासगी खिडकीविषयी ('इन्कॉग्निटो') मोठा गैरसमज आहे. ती खिडकी तुमचा इतिहास त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या माणसापासून लपवते, संकेतस्थळांपासून नाही. गूगलविरुद्ध २०२० मध्ये याच मुद्द्यावर खटला भरला गेला आणि २०२४ च्या तडजोडीत खासगी खिडकीतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले. शिवाय कुकी नसली तरी पडद्याचा आकार, बसवलेले टंक (फाँट), ब्राउझरची आवृत्ती अशा बारीकसारीक गोष्टींच्या एकत्रित ठशावरून यंत्र ओळखता येते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी सुमारे ८४ टक्क्यांचा ठसा एकमेवाद्वितीय होता.

आजारासारख्या विषयावर वाचायचे असेल, तर मी स्वतः घरचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर टोर ब्राउझर वापरते; तो आपली जोडणी अनेक सर्व्हरमधून फिरवून मूळ पत्ता लपवतो. तो संथ चालतो, पण आयपी पत्त्यावरून घर जुळवण्याची वाट तिथे तुटते. व्हीपीएननेही, म्हणजे आपली सगळी जोडणी आपल्या सर्व्हरमधून नेणाऱ्या एखाद्या कंपनीच्या सेवेनेही, पत्ता बदलतो. मात्र त्यात तुम्ही विश्वास एका कंपनीवरून काढून दुसऱ्या कंपनीवर ठेवता, एवढेच होते.

एवढे सगळे लिहिल्यावर मला जे खरोखर सांगायचे आहे ते असे, की हा भार प्रत्येक घरातल्या माणसाने आजारपणाच्या रात्री वाहावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. २००९ च्या सुमारास 'माझा माग काढू नका' असा इशारा ब्राउझरने संकेतस्थळाला द्यायचा, अशी कल्पना पुढे आली. तो पाळण्याचे कोणावर बंधन नव्हते, म्हणून जवळजवळ कोणी पाळला नाही आणि २०१९ मध्ये ते काम गुंडाळले गेले. तशाच दुसऱ्या इशाऱ्याला कॅलिफोर्नियात कायद्याचे बळ मिळाले, तेव्हा तो न मानणाऱ्या सेफोरा या कंपनीला २०२२ मध्ये बारा लाख डॉलर भरावे लागले. तंत्र जवळपास तेच होते; फरक कायद्याने पडला. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने आरोग्याची माहिती विशेष संरक्षित मानली आहे आणि जगभरच्या उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. मे २०२३ मध्ये युरोपीय लोकांची माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल मेटाला याच कायद्याखाली १२० कोटी युरोंचा दंड झाला. त्या कायद्याच्याही आधी, २०११ मध्ये, मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियाच्या विद्यार्थ्याने फेसबुककडे स्वतःविषयीची माहिती मागितली होती, तेव्हा त्याला सुमारे १,२०० पानांचा दस्तऐवज मिळाला, आणि त्याने पुसून टाकलेल्या कितीतरी गोष्टी त्यात जशाच्या तशा होत्या.

म्हणून, शरयूताई, जमले तर त्या रुग्णालयाला लेखी विचारा. संगणकावर त्यांचे पान उघडून ब्राउझरच्या विकसक-साधनांतला (डेव्हलपर टूल्स) 'नेटवर्क' हा भाग पाहिलात, तर ते पान कोणाकोणाच्या सर्व्हरला कळवते ते दिसेल. ती यादी पत्राला जोडा. यादी जोडलेल्या पत्राला मोघम उत्तर देणे कठीण जाते.

शरयू :

सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आईचे उपचार सुरू झाले आहेत आणि त्या धावपळीत वेळ मिळाला नाही. तिची शस्त्रक्रिया नीट पार पडली.

टॅबलेटवर खरोखरच माझे खाते निघाले. तो विकत घेतला त्या दिवशी घाईत मीच ते घातले होते आणि नंतर विसरून गेले होते. ते काढले, ओळख क्रमांक पुसला आणि भावाच्या मदतीने नवा ब्राउझर घातला. हे सगळे करताना आई शेजारी बसली होती. मोजपट्टी यांचे उत्तर मी तिला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला विचारलं नाहीत आणि त्यांनीही विचारलं नाही." आता तिचे सगळे अहवाल आधी तिच्याच हातात जातात.

रुग्णालयाला पत्र पाठवले. उंबरठा यांनी सांगितल्याप्रमाणे यादी काढली, तेव्हा अर्जाच्या पानावरून चार बाहेरच्या कंपन्यांना निरोप जात असल्याचे दिसले. तिथल्या अधिकाऱ्यांनी सभ्यपणे उत्तर दिले की संकेतस्थळ बाहेरच्या कंत्राटदाराने तयार केले आहे आणि हे कोड त्यात आहेत याची त्यांना कल्पना नव्हती. मला ते खरे वाटले. काल पुन्हा पाहिले, तेव्हा चारांपैकी तीन निरोप बंद झाले होते. चौथा अजून जातो आहे. त्याविषयी आज सकाळी मी दुसरे पत्र पाठवले आहे.